पाचवीच्या पालकसभेत स्काऊट-गाईड पथक कसं समजावून सांगावं?

शनिवारची_शाळा (प्रश्न)

नमस्कार. यंदा आमच्याकडे पाचवीतून २४ मुलं स्काऊटला आणि १६ मुली गाईडला आल्या आहेत. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांच्या पालकांची सभा ठेवली आहे. हातात जेमतेम ४० मिनिटं. बहुतेकांच्या घरात आजवर कुणी स्काऊटमध्ये नव्हतं. शाळेच्या फाटकापाशी आत्तापर्यंत कानावर आलेले प्रश्न असे: हे एनसीसीसारखंच ना? गणवेश कधी शिवायचा, कुठे मिळतो? मुलीला मुक्कामी शिबिराला कसं पाठवायचं? दहावीला गुण वाढतात का? आणि एका आजोबांचा खास प्रश्न, "गाठी मारायला शिकून करायचंय काय?"

सगळं सांगत बसलो तर वेळ पुरणार नाही, आणि छापील पत्रक दिलं तर ते दप्तराच्या तळाशी पोळीच्या चुऱ्यात सापडतं. सुरुवात कुठून करू आणि काय सोडून देऊ?

खुंटागाठ

सर, इतिहासापासून सुरुवात करू नका. बेडन पॉवेल, १९०७, ब्राउनसी बेट, वीस मुलांचं शिबिर, हे मुलांसाठी ठेवा. पालकांच्या डोक्यात पहिल्या पाच मिनिटांत एकच गोष्ट बसायला हवी: इथे वर्ग नसतो, संघ असतो. बाकीच्या गोंधळांपैकी निम्मे यातूनच सुटतात.

फळ्यावर काढून दाखवा. ६ ते ८ मुलांचा एक संघ. त्याचा संघनायक आणि उपसंघनायक त्याच मुलांमधले. असे संघ मिळून पथक, आणि पथकात जास्तीत जास्त ३२ मुलं. म्हणजे तुमच्याकडे मुलांचे आठ-आठचे तीन संघ आणि मुलींचे दोन. मुलांच्या संघाला पशुपक्ष्याचं नाव, मुलींच्या संघाला फुलाचं. संघनायकांची स्काऊट मास्तरांबरोबर जी बैठक होते ती कोर्ट ऑफ ऑनर. हाईकला कुठे जायचं, कुणी नियम मोडला तर काय करायचं, हे तिथे ठरतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या बैठकीत खरंच काही ठरतं, यावर पालकांचा पहिल्या दिवशी विश्वास बसत नाही. तो बसवायला जाऊ नका, फक्त सांगून ठेवा.

याचा घरच्यांशी संबंध असा. निरोप संघनायकामार्फत जातो. "शनिवारी ताट, पेला आणि दोर आणायचा" हे संघनायकाने आपल्या सात जणांना सांगायचं असतं. आजकाल आपणच पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर यादी टाकतो, आई पिशवी भरते, आणि संघनायकाला कामच उरत नाही. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या: तारीख, वेळ, जागा आणि पैसे एवढंच गटावर जावं. सामानाची यादी मुलाच्या तोंडून घरी पोचू द्या. पहिल्या दोन-तीन शनिवारी कुणीतरी ताटाशिवाय येणार. मग तो शेजाऱ्याच्या ताटात जेवतो, आणि पुढच्या वेळी संघनायक यादी दोनदा वाचून दाखवतो. "आम्हाला कुणी कळवलंच नाही" असा फोन आला तर पालकांना एवढंच विचारा, संघनायक कोण आहे ते मुलाला माहीत आहे का?

संघनायक निवडताना आपलीही एक चूक होते, तीही सभेत मोकळेपणी बोला. वर्गात पहिला येणारा मुलगा आपोआप संघनायक होत नाही. संघातल्या मुलांना विचारून ठरवायचं असतं. नाहीतर सभा संपल्यावर दोन पालक "आमचा का नाही?" म्हणून थांबणारच.

एनसीसीचा प्रश्न दोन वाक्यांत संपवा. एनसीसी संरक्षण मंत्रालयाखाली येते, शाळेत साधारण आठवीपासून घेता येते आणि तिचा बाज लष्करी असतो. स्काऊटिंग ही गणवेश असलेली पण बिनलष्करी चळवळ आहे आणि तिची सुरुवात कब-बुलबुलपासून, म्हणजे प्राथमिक वर्गांपासून होते. आरएसपी हे तिसरंच, रस्ता सुरक्षेचं. पाचवीच्या मुलासमोर एनसीसी की स्काऊट असा पेच नसतोच. तो आठवीत येतो. तेव्हा दोन्ही घेतलेल्या मुलाची १५ ऑगस्टच्या संचलनात ओढाताण होते, एवढी कल्पना दिली की झालं.

गाईड_कॅप्टन

खुंटागाठ सरांशी सहमत. मी गणवेश आणि शिबिर एवढ्यावरच लिहिते, कारण सभेतला निम्मा वेळ तेच खातात.

गणवेशाबद्दल पहिलं वाक्य: आज काही विकत घेऊ नका. नवं मूल आधी प्रवेशाची तयारी करतं, त्याला किमान ३ महिने लागतात. त्यात नियम, वचन, ध्येयवाक्य, खूण, सॅल्यूट, डाव्या हाताचं हस्तांदोलन, प्रार्थना, झेंडागीत, राष्ट्रगीत आणि गणवेशाच्या भागांची ओळख एवढं येतं. मग दीक्षाविधी होतो. सदस्यत्वाचा बिल्ला दीक्षाविधीतच मिळतो, त्याआधी तो लावायचा नसतो. बाजारातून तयार बिल्ले आणून हौसेने शिवून टाकणारे पालक दर वर्षी निघतात. मग दीक्षाविधीच्या आदल्या रात्री उसवत बसतात.

स्काऊटचा शर्ट स्टील ग्रे, दोन खिशांचा आणि खांद्यावर पट्ट्या असलेला. पँट गडद निळी. खांद्याच्या पट्ट्या विसरू नका, कारण दुकानातले तयार करडे शर्ट बरेचदा बिनपट्टीचे असतात आणि मग शिंप्याकडे दुसरी फेरी होते. मुलींच्या गणवेशाची निळी छटा दुकानागणिक बदलते. म्हणून एकाच ठिकाणचं कापड सगळ्यांनी घ्यावं, नाहीतर रांगेत पाच निळे दिसतात. दुमडपट्टी दोन इंच आत ठेवायला सांगा. पाचवीत शिवलेला गणवेश सातवीपर्यंत गेला पाहिजे. कुठला बिल्ला कुठे, हे तोंडी सांगून काही उपयोग नाही. जुना, बिल्ल्यांसकट असलेला एक शर्ट हँगरला लावून सभेत टांगा. पालक फोटो काढून नेतात, तेच माहितीपत्रक.

स्कार्फ त्रिकोणी असतो, दोन बाजू ७० ते ८० सेंटीमीटर. "लहान मुलाला लहान स्कार्फ" असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. प्रथमोपचारात हाच स्कार्फ हात गळ्यात अडकवायची झोळी होतो. रुमालाएवढा घेतला तर गळ्यात दिसायला छान, पण मोडलेल्या हाताला कोपरापर्यंतही पुरत नाही. रंग पथकाचा ठरलेला असतो, आवडीचा नाही.

आता शिबिर. मुलीच्या आईवडिलांनी काही विचारायच्या आधी आपणच सांगावं: गाईडबरोबर गाईड कॅप्टन, म्हणजे महिला शिक्षिका, मुक्कामभर राहणार. मुलींची राहण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय वेगळी. जवळचा दवाखाना कुठला आणि तिथे पोचायला किती मिनिटं, हे संमतीपत्रावरच लिहिलेलं. पाण्यात उतरणं कार्यक्रमात नाही. ही चार वाक्यं ठामपणे सांगितली की पुढचे प्रश्न अर्ध्यावर येतात. आणि यातलं एखादं सांगता येत नसेल, तर ते शिबिर अजून पाठवण्याच्या लायकीचं झालेलं नाही असं समजा.

संमतीपत्रावर नुसती सही घेऊ नका. रक्तगट, कशाची अॅलर्जी, चालू औषध आणि त्याची वेळ, रात्री उचलतील असे दोन फोन नंबर. औषध मुलीच्या पिशवीत न ठेवता, नाव लिहिलेल्या पाकिटात माझ्या हातात. पाळीची सुरुवात याच वयात होते, म्हणून पिशवीत पॅड ठेवायला आईला बाजूला घेऊन सांगते. सभेत सगळ्यांसमोर बोललं की माना खाली जातात आणि पिशवी रिकामीच येते.

मोबाईल, सोनं, नवी चप्पल नको. नवे बूटही नकोत. हाईकला पाय सोलले जातात ते नव्या बुटांनीच.

सोपान_मोजणारा

गुणांचा आणि पुरस्काराचा विषय कुणी घेतला नाही, म्हणून लिहितो. पालकांना इथे गोड बोलून वेळ मारून नेऊ नका. तारखा मांडा.

चढण अशी: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला किमान काळ ठरलेला आहे. प्रवेशाला ३ महिने, प्रथम सोपानाला ६, द्वितीयला ९, तृतीयला ९. बेरीज २७ महिने, आणि ही कमीत कमी. चाचणी पुढे गेली, मूल आजारी पडलं, तर वाढतेच.

आता ही बेरीज दोन मुलांवर लावून दाखवा. पाचवीच्या जुलैत सुरू केलं: ऑक्टोबरला प्रवेश, एप्रिलला प्रथम, सहावीच्या जानेवारीत द्वितीय, सातवीच्या ऑक्टोबरात तृतीय. राज्य पुरस्काराच्या तयारीला आठवी मोकळी. हेच आठवीच्या जुलैत सुरू केलं तर तृतीय सोपान दहावीच्या ऑक्टोबरात, म्हणजे ऐन सराव परीक्षांच्या तोंडावर. तिथून राज्य पुरस्कार शाळेत असताना हाती लागत नाही. "आठवीत बघू, आत्ता लहान आहे" म्हणणाऱ्या पालकांना हे एक उदाहरण पुरतं.

दुसरी अडचण कागदाची. पथकाची आणि मुलांची नोंदणी दर वर्षी नूतनीकरण करावी लागते, जिल्हा कार्यालयामार्फत. एखादं वर्ष शाळेकडून राहून गेलं तर तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. राज्य पुरस्काराचा अर्ज भरताना येतं, कारण तिथे सलग नोंद आणि प्रत्येक सोपानाची तारीख मागतात. म्हणून पालकांना सांगा: मुलाचं प्रगतिपत्रक आणि सोपानाची प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये घरी ठेवा, आणि प्रत्येकावर तारीख, सही, शिक्का आहे का ते त्याच आठवड्यात बघा. सर बदलून गेल्यावर जुन्या तारखेची सही कुणी करत नाही, करूही नये. जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्याप्रमाणेच. इथे एक अक्षर चुकलं की पुढे फेऱ्या.

गुणांचं उत्तर: दहावीच्या सवलतीच्या गुणांचे निकष मंडळ आणि शासनाच्या परिपत्रकात असतात. त्या त्या वर्षीचं परिपत्रक बघून सांगा, ऐकीव आकडा सभेत फेकू नका. रेल्वे भरतीत स्काऊट-गाईडसाठी कोटा असतो हे खरं. तिथे राष्ट्रपती पुरस्काराच्या पातळीची पात्रता लागते, प्रथम सोपानाचं प्रमाणपत्र चालत नाही.

खुंटागाठ

मोजणारे सर, हिशोब बिनचूक, पण तो सभेत सुरुवातीला सांगू नका. पाचवीच्या आईसमोर २७ महिन्यांचा तक्ता आधी ठेवला तर ती त्याकडे स्कॉलरशिपच्या वेळापत्रकासारखं बघते, आणि पुढच्या आठवड्यात "वचन पाठ झालंय, आता चाचणी घ्या" म्हणून मुलाला पुढे करते. आधी संघ, मग शनिवारी काय चालतं ते, आणि शेवटच्या पाच मिनिटांत तक्ता.

सोपान_मोजणारा

चालेल. पण शेवटी म्हणून राहून जाऊ देऊ नका. पालक चाळिसाव्या मिनिटाला रिक्षा बघायला उठतात.

गाईड_कॅप्टन

पाठांतरावरून दोन गोष्टी आठवल्या, दोन्ही घरी बिघडतात.

एक, रोजच्या सत्कृत्याची डायरी. प्रवेशासाठी ती महिनाभर लिहायची असते. बघायला घेतली की १ तारखेपासून ३० तारखेपर्यंत "झाडाला पाणी घातले", एकाच पेनने, एकाच दिवशी लिहिलेलं. पालकांना सांगा, मुलीला वाक्य पुरवू नका. एखाद्या दिवशी काही केलं नसेल तर जागा कोरी ठेवायला हरकत नाही. कोरी जागा बघून मी ओरडत नाही, तीस झाडं बघून ओरडते.

दोन, खरी कमाई. आपल्या महाराष्ट्रातल्या पथकांत हा उपक्रम चांगलाच रुजलेला आहे. मुलांनी स्वतः काम करून थोडे पैसे मिळवायचे आणि ते पथकाकडे जमा करायचे: शेजारच्यांची भाजी आणून देणं, सायकल पुसणं, पणत्या रंगवून विकणं. होतं काय, बाबा कार्डावर चार कामं लिहितात, खिशातून नोट काढून देतात आणि खाली सही करतात. मूल बघत असतं. सभेत स्पष्ट सांगा की रक्कम किती याला महत्त्व नाही, दहा रुपये आले तरी चालतील, पण ते कुठल्या कामाचे हे मुलाला सांगता आलं पाहिजे.

वचनात ईश्वराचा उल्लेख येतो. त्यावर एखाद्या पालकाने विचारलं तर गांगरू नका. "ईश्वर"ऐवजी "धर्म" हा शब्द घेण्याची मुभा संघटनेच्या नियमांतच आहे, आणि शिबिरात प्रार्थना सर्वधर्म असते.

शनिवारची_शाळा

खूपच उपयोगी. क्रम ठरला: संघ, शनिवारचा कार्यक्रम, गणवेश, शिबिर, तक्ता. फक्त दोन गोष्टी अजून हव्यात. शनिवारी नेमकं काय चालतं ते पालकांना कसं दाखवू? आमची तासिका ३५ मिनिटांची आहे, म्हणून शाळा सुटल्यावर तास-सव्वा तास घ्यायचा विचार आहे. आणि आजोबांना काय उत्तर देऊ?

खुंटागाठ

३५ मिनिटांत मुलं रांगेत लागतात तोवर घंटा होते, त्यामुळे शाळेनंतरचा तास-सव्वा तास योग्यच. साधारण वाटणी: नालाच्या आकारात उभं राहून ध्वज, प्रार्थना, तपासणी १५ मिनिटं, एक पळापळीचा खेळ १०, संघवार काम २५, सगळ्यांना मिळून एक नवी गोष्ट १५, ध्वज उतरवून निरोप ५. खेळ मधे नको, लवकर घ्या. साडेअकराला मुलं उपाशी असतात, आणि खेळ शेवटी ठेवला तर संघकामात सगळ्यांचं लक्ष तिकडेच. पालकांना सांगा, शनिवारच्या डब्याशिवाय आणखी एक खाऊ द्या, कोरडा.

सांगण्यापेक्षा दाखवा. शिट्टी घेऊन जा. एक लांब शिट्टी: शांतता, लक्ष द्या. भराभर तुटक शिट्ट्या: सगळे जवळ या. सावकाश लांब-लांब शिट्ट्या: पांगा. लांब-आखूड-लांब-आखूड: धोका. तीन आखूड आणि एक लांब: फक्त संघनायक या. जुन्या पथकातल्या आठ मुलांना मैदानात सोडा आणि व्हरांड्यातून या शिट्ट्या वाजवा. शेवटच्या शिट्टीला एकच मूल धावत येतं आणि बाकीचे सात जागेवर थांबतात, तेव्हा पालकांना "संघनायक" शब्दाचा अर्थ कळतो. मघाशी फळ्यावर काढलेली आकृती तीच.

आजोबांच्या हातात दोर द्या. एकेक मीटरचे वीस तुकडे पुरतील, दोन पालकांत एक. सांगा, नेहमीसारखी साधी दुहेरी गाठ मारा. दहापैकी सात जण दोन्ही वेळा उजवं टोक डाव्यावरून नेतात. त्या गाठीची टोकं दोराला आडवी, क्रॉससारखी बाहेर येतात. ओढली की ती सरकते, आणि कधी अशी आवळते की दातांनी सोडवावी लागते. आता दुसऱ्या वेळी उलट करा: पहिल्यांदा उजवं डाव्यावरून, नंतर डावं उजव्यावरून. टोकं दोराला समांतर, आल्या वाटेने परत जातात. गाठ सपाट बसते. ही रीफ नॉट. बँडेज या गाठीने बांधतात, कारण जखमेवर टेंगूळ येत नाही आणि सोडवताना एक टोक उलट दिशेला खेचलं की ती अलगद सुटते. मात्र एक सांगायला विसरू नका: दोन वेगळ्या जाडीचे दोर जोडायला ही गाठ चालत नाही, सुटते. तिथे शीट बेंड. आणि जिथे माणसाचा भार येणार तिथे रीफ नॉट कधीच नाही, तिथे बोलाईन. कुठली गाठ कुठे चालत नाही हे माहीत असणं, हाच खरा धडा. आजोबा शेतकरी असतील तर बैल खुंट्याला बांधायची गाठ त्यांनाच मुलांसमोर मारून दाखवायला सांगा. ती बहुधा आपल्या क्लोव्ह हिचच्या जवळची निघते, आणि तिथून पुढे सभा त्यांचीच.

गाईड_कॅप्टन

वेळ उरला तर बिनभांड्यांच्या स्वयंपाकाचं दोन वाक्यांत सांगा, पालकांचे डोळे तिथे चमकतात. पण लगेच पुढची सूचना: घरी सराव करायचा तर गॅसवर नाही. निखारे लागतात, जाळ नाही. जाळात घातलेला बटाटा बाहेरून कोळसा आणि आत कच्चा. मध्यम बटाटा निखाऱ्यात पुरला तर अर्धा-पाऊण तास. काठीला गुंडाळून भाजायच्या पोळीचं पीठ नेहमीपेक्षा घट्ट, आणि गुंडाळी करंगळीएवढी बारीक, जाड केली तर आत पीठच राहतं. आठ जणींच्या संघाला पाऊण किलो पीठ पुरतं, एक किलो न्या, कारण पहिली पोळी राखेत पडतेच. काठी कडुलिंबाची नको, पोळी कडू होते. कण्हेरीची तर मुळीच नाही, ती विषारी आहे. हे मात्र हसत सांगू नका, मुलं दिसेल ती फांदी तोडतात.

शनिवारची_शाळा

कण्हेर आमच्या कुंपणालाच आहे. बरं झालं सांगितलंत. दोर कुठला घेऊ? हार्डवेअरवाल्याकडे निळा नायलॉन स्वस्त आहे.

खुंटागाठ

नायलॉन नको. गुळगुळीत असतो, बरोबर मारलेली गाठही सुटते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. सुती दोर घ्या, करंगळीपेक्षा थोडा बारीक, ८ मिलीमीटरच्या आसपास. सभेसाठी एक मीटरचे तुकडे ठीक, पण मुलांना प्रत्येकी ३ मीटर द्या, त्याहून आखूड असला तर खांबाभोवती फिरवून गाठ मारायला उरत नाही. कापण्याआधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याने घट्ट दहा-बारा वेढे देऊन घ्या, आणि मग मधोमध कापा. आधी कापलात तर सभेच्या दिवशी पालकांच्या हातात दोर नाही, केरसुणी येईल.